उलटे फेरे

सून सासूच्या पुढे चालते, ही मालिनीबाईंची पहिली तक्रार. नुसती पुढे नाही, पार हाकेच्या पलीकडे. पाठीवर सॅक, हातात दोन काठ्या, आणि समोरून कुणी अनोळखी माणूस आला की त्याला तोंडभर हसून "हालो". कुत्रा आला तर कुत्र्यालाही. सासू मागे चढणीवर धापा टाकत असायची, तिच्या वाट्याला वळणावर थांबून विचारलेलं एक "आई, येताय ना?" तेवढं यायचं.

"येत नाही तर काय उडतेय?" असं मालिनीबाई तिला म्हणाल्या नव्हत्या. पुण्याला फोन लावून नवऱ्याला म्हणाल्या होत्या. जयंतराव हसले, आणि हसता हसता त्यांना दम लागला. पलीकडून कितीतरी वेळ नुसता श्वासच ऐकू येत राहिला.

तो श्वास मालिनीबाईंच्या कानातून जाईना. जयंतरावांचं हृदय अशक्त, डॉक्टरांनी विमान बंद केलेलं. "तू जा, नातीला बघून ये, मी कुठे पळून जातोय," असं म्हणून त्यांनीच बायकोला पाठवलं होतं.

मुलगा सिद्धांत जर्मनीत, कायझर्सलाउटर्नला संशोधन संस्थेत नोकरीला, पण घर घेतलं होतं लांब, जंगलाला टेकलेल्या एका लहानशा गावात. घरामागून वाट निघायची ती थेट झाडीत शिरायची. लाल दगडाचे सुळके, त्यातल्या एकावर अर्धा पडलेला किल्ला, आणि माणूस चुकू नये म्हणून खोडांवर रंगवलेल्या पिवळ्या पट्ट्या. दर रविवारी सगळे चालायला निघायचे. इथली माणसं चालायचं म्हणून चालतात, ह्याचं मालिनीबाईंना नवल वाटे. वर देऊळ नाही, देव नाही. चढायचं, बाकावर बसून सफरचंद खायचं आणि उतरायचं.

अशाच एका रविवारी त्यांना ते झाड दिसलं. बीच जातीचं. बुंधा हत्तीच्या पायासारखा राखाडी, दोघांच्या कवेत न मावणारा. खाली मोकळी, झाडल्यासारखी जागा. मुळाशी कुणीतरी रानफुलांची जुडी ठेवलेली. म्हणजे झाडाला मानणारी माणसं इथेही आहेत तर. खोडावर तळहाताएवढी पत्र्याची पाटी होती. पुण्यात महानगरपालिका झाडांवर नंबर मारते, तसलाच प्रकार असणार. मालिनीबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. असली अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नव्हतं.

झाड बघून त्या मोठ्याने काही म्हणायला गेल्या, तर सहा वर्षांच्या नातीने, अन्वीने ओठांवर बोट ठेवलं. सून शिवांगी वळून म्हणाली, "आई, इथे जरा हळू बोलू या हं. ही जागा म्हणजे—"

"कळलं," मालिनीबाईंनी तिला तिथेच तोडलं. "माझा आवाज तुझ्या गोऱ्यांना खुपतो."

शिवांगीने पुढचं वाक्य गिळलं. सिद्धांत पुढे निघून गेला होता.

मग वटपौर्णिमा आली. लग्न झाल्यापासून मालिनीबाईंनी एक वर्ष चुकवलं नव्हतं, आणि ह्या वर्षी तर चुकवायची त्यांची छातीच नव्हती. सुनेने तोडगा काढला. वडाचं चित्र छापून भिंतीला लावायचं आणि त्याची पूजा करायची. फ्रँकफर्टकडच्या तिच्या मैत्रिणी असंच करतात म्हणे.

"आणि फेरे? भिंत फोडून घालू?" मालिनीबाईंनी विचारलं. फांदी आणून कुंडीत खोचणाऱ्या शेजारणींनाही त्यांनी आजवर कधी सोडलं नव्हतं, चित्राची काय कथा.

पौर्णिमेला सकाळी शिवांगी लॅपटॉपसमोर मीटिंगला बसली. दाराआडून तिचं जर्मनमधलं "बरोबर, बरोबर", म्हणजे "गेनाऊ, गेनाऊ", ऐकू येत होतं. मालिनीबाईंनी हिरवी साडी नेसली, त्यावर सुनेचंच जाकीट चढवलं, ताटात हळदकुंकू, दोऱ्याचा गुंडा, पाण्याचा तांब्या आणि तुर्की दुकानातला आंबा घेतला. पायात बूट घातले आणि पिवळ्या पट्ट्या बघत त्या एकट्या चढण चढल्या. उपाशीपोटी. वाटेत एक जोडपं भेटलं, त्यांनी "हालो" म्हटलं. मालिनीबाईंनी मान वळवली.

पूजा त्यांनी यथासांग केली. पाणी घातलं, आंबा ठेवला. पाटी बरोब्बर कपाळाच्या उंचीवर होती. तिच्यावर हळदकुंकवाची ठसठशीत बोटं ओढली. मग दोरा धरून सात फेरे. प्रत्येक फेऱ्याला एकच मागणं होतं. जन्मोजन्मीचं नंतर बघू, ह्या जन्मीचा ह्यांचा दम तेवढा जाऊ दे.

हात जोडून त्या वळल्या, तर मागे एक बाई उभी. त्यांच्याच वयाची, आखूड पांढऱ्या केसांची, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात रानफुलांची जुडी.

ही फुलं ठेवणारी हीच, हे मालिनीबाईंनी ओळखलं आणि त्या हसल्या. "पूजा केली," त्या मराठीतच म्हणाल्या, "नवऱ्यासाठी."

बाई हसली नाही. काठी खोडाला टेकवून ती पाटीजवळ गेली आणि अंगठ्याने कुंकू पुसायला लागली. कुंकू निघेना, आणखीच फासलं गेलं. कोरलेल्या अक्षरांमध्ये लाल जाऊन बसलं. मालिनीबाईंचं हसू तोंडावर तसंच राहिलं. काय चुकलं ते कळत नव्हतं, पण काहीतरी भयंकर चुकलंय, एवढं त्या अंगठ्याकडे बघून कळत होतं.

तेवढ्यात शिवांगी धावत वर आली. घरातल्या सपाता पायात, मीटिंग अर्धी टाकलेली. कोपऱ्यातले बूट आणि देवापुढचा गुंडा दिसेना, तेव्हाच तिला कळून चुकलं होतं. ती त्या बाईशी हळू आवाजात जर्मनमध्ये बोलायला लागली. आता माझी गाऱ्हाणी सांगणार, मालिनीबाईंनी मनात म्हटलं. अडाणी आहे, ऐकत नाही, सगळं सांगणार. पण शिवांगीचा हात सासूकडे गेलाच नाही. तो तिच्या स्वतःच्या छातीवर होता, आणि मान खाली. भाषा न कळणाऱ्यालाही ते कळलं असतं.

"काय सांगितलंस तिला?"

"आई, ह्या झाडाखाली त्यांच्या मिस्टरांची राख आहे. हा सगळा भागच तसा आहे. स्मशानच म्हणा ना, पण झाडांचं. पाटीवर त्यांचं नाव आहे."

"मी विचारलं, सांगितलंस काय?"

"मीच तुम्हाला हे झाड दाखवलं म्हणून सांगितलं. माझं चुकलं म्हटलं."

मालिनीबाईंचे कान तापले. एका विधवेच्या नवऱ्याच्या नावाला त्यांनी कुंकू फासलं होतं, आणि वर हसून सांगितलं होतं, नवऱ्यासाठी. जिने आयुष्यभर दुसऱ्याच्या चुका चिमटीत धरून उन्हात दाखवल्या, तिला आता आपलं तोंड कुठे न्यावं कळेना.

झाडाला काही बांधायची इथे परवानगी नाही, शिवांगी म्हणाली, दोरा मी तोडते. मालिनीबाईंनी मान हलवली. ह्यांच्या नावाचा दोरा तोडायचा नव्हता. त्यांनी स्वतः टोक सोडवलं आणि उलट्या बाजूने फिरायला लागल्या. एकेका फेऱ्याला वाटत होतं, मागितलेलं सगळं एकेक करून परत केल्यासारखं. दोरा पाल्यात अडकायला लागला, तेव्हा त्या बाईने सुटं टोक हातात घेतलं आणि गुंडाळू लागली. मालिनीबाई सोडत गेल्या, ती गुंडाळत गेली. शेवटी तिने गुंडा पुढे केला, तो घेताना मालिनीबाईंना मान वर करता आली नाही. तांब्यातल्या उरलेल्या पाण्याने त्यांनी पाटी धुतली, पदराने पुसली, अक्षरांच्या खाचांमधून नखाने कुंकू काढलं. मग आंबा उचलून त्या बाजूला झाल्या. बाईने आपली फुलं जागेवर ठेवली.

उतारावर शिवांगी आज मागून येत होती. सासूच्या पावलाला पाऊल जुळवत, पूजेचं ताट स्वतःच्या हातात घेऊन. खोडांवरच्या पट्ट्या मालिनीबाईंना दिसेनाशा झाल्या होत्या. दोन वाटा फुटल्या तिथे त्या थांबल्या आणि वळल्या.

"शिवांगी, तू खोटं बोललीस. माझ्या चुकीला तुझं नाव लावायचं नाही. माझी लाज उचलायला मी धडधाकट आहे. रविवारी तू सांगत होतीस आणि मी सांगू दिलं नाही, हे त्या बाईला पुन्हा गाठून सांगायचं. माझ्यादेखत, तिच्या भाषेत. आणि आता मागे काय घुटमळतेस? पुढे हो. वाट तुला कळते, मला नाही."