खांबवाल्या फ्लॅटचा स्लाइडशो

आमच्या घरात खाजगी असं काही नाही, कारण खाली ऑफिस, वर घर, आणि ऑफिसचं गोडाऊन म्हणजे आमची झोपायची खोली. 'विकणे आहे'चे सगळे बोर्ड आमच्या पलंगामागे उभे असतात. कुणाला बोर्ड लागला की तो सरळ दार ढकलून आत येतो. आतली कडी भाऊजींनी कधीच काढून टाकली, बोर्ड बाहेर नेताना अडकायची म्हणून. एकदा मी केस विंचरत असताना पेंटर आला, बोर्ड उचलला आणि जाता जाता "चालू दे तुमचं" म्हणाला.

भाऊजी म्हणजे माझे मोठे दीर. घरं विकायचा धंदा त्यांचा. माझा नवरा कागदपत्रं बघतो आणि उरलेलं सगळं मी बघते. गिऱ्हाइकं दोघा भावांना 'मोठे' आणि 'धाकटे' म्हणतात. मला काहीच म्हणत नाहीत, नुसतं "जरा किल्ली आणता का" विचारतात.

त्या किल्ल्यांमध्ये एक किल्ली खांबवाल्या फ्लॅटची होती. दोन खोल्या, तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि हॉलच्या मधोमध एक जाडजूड खांब. लोक धापा टाकत वर यायचे, खांब बघायचे आणि विचारायचे, हा काढता येईल का? मी म्हणायची, येईल की, फक्त वरचे लोक खाली येतील. गिऱ्हाईक गेलं की मी दाराला आतून कडी लावायची आणि खांबाला पाठ टेकून जरा वेळ बसायची. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारच्या शाळेचं मैदान दिसायचं. कुणी हाक मारायचं नाही. मला ते घर हवं होतं, दुसरं काही नको होतं.

नवऱ्याला मी सांगितलं होतं. पैशाची सोय होण्यासारखी होती, घरमालकही कंटाळलेला होता. फक्त भाऊजींना सांगायला हवं होतं की आम्ही वेगळे राहतो, आणि इथेच घोडं पेंड खात होतं. "बोलतो दादाशी," तो म्हणायचा. फ्लॅट कसा वाटला विचारलं तर म्हणायचा, "ठीक आहे." त्या 'ठीक आहे'वरून मी ठरवून टाकलं की याला काही पडलेली नाही.

मग एके दिवशी भाऊजींनी माझ्यासमोर तीन नावं लिहिलेला कागद टाकला. घरांचे स्लाइडशो करायची ही तीन ऑनलाइन टूल्स, आता फोटो पाठवत बसायचं नाही, गिऱ्हाइकाला नुसती लिंक द्यायची.

"तिन्ही वापरून बघ आणि कुठलं घ्यायचं ते सांग. पण तिन्हीत घर एकच घे, म्हणजे फरक कळेल. तो खांबवाला घे. तो ज्याच्यात बरा दिसेल ते टूल खरं."

तो फ्लॅट आजवर न विकता टिकला होता तो भाऊजींच्या फोटोंमुळे. पहिलाच फोटो संडासाचा, दुसऱ्यात त्यांचं बोट.

पहिलं टूल फुकट होतं आणि तसंच वागत होतं. प्रत्येक स्लाइडवर स्वतःचं नाव छापायचं, आणि त्याचं संगीत काही केल्या बंद होईना. दुसरं दिसायला देखणं, पण त्याच्या साच्यात प्रत्येक घरात एक सोफा, एक कुत्रा आणि दात दाखवणारं एक कुटुंब आधीच बसलेलं. शिवाय मराठी मजकूर टाकला की जोडाक्षरं फुटायची. या दोघांत खांबवाला भयंकर दिसला आणि मी खुशीत होते.

तिसरं साधं होतं. पांढरी पाटी, हवा तो फोटो हव्या त्या मापाचा, खाली एक ओळ. तिथेही मी संडास पहिला ठेवणार होते, खोटं कशाला बोलू. पण खिडकीचा एक फोटो माझ्याकडे होता, मीच काढलेला. तो नुसता लावून बघितला आणि मला राहवलं नाही. खांबाच्या फोटोखाली लिहिलं, 'इथे टेकून बसता येतं.' शेवटी दाराचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'आतून कडी आहे.' आयुष्यात इतकं मन लावून मी काही केलं नव्हतं.

या टूलची आणखी एक गंमत होती. ज्याला त्याला वेगळी लिंक द्यायची, म्हणजे कोण बघतंय आणि कुठल्या स्लाइडवर थांबलंय ते आपल्याला दिसतं. चाचणीसाठी मी एक लिंक 'मोठे' नावाने केली, एक 'धाकटे' नावाने, आणि दोघांना पाठवली.

भाऊजी खदाखदा हसले. "कडी काय विकतेस गं? कडी सगळ्याच घरांना असते."

मी ती ओळ तशीच ठेवली.

पण भाऊजींना आलेली प्रत्येक गोष्ट पुढे ढकलायची खोड आहे, मग तो विनोद असो की वाढदिवसाचा केक. नुसतं बघून सांगा म्हणून दिलेली लिंक त्यांनी सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवून दिली. संध्याकाळपर्यंत 'मोठे' या एका नावाखाली ढीगभर माणसं खांबवाला बघून गेली. त्यातलं कुणीतरी पुन्हा पुन्हा कडीच्या स्लाइडवर थांबत होतं.

आणि 'धाकटे' खांबावर थांबले होते. सकाळी, दुपारी, मी समोर बसलेली असताना. उघडायचे, थेट खांबाच्या स्लाइडवर जायचे आणि तिथेच बसून राहायचे. मला रडू आलं आणि भयंकर राग आला. हा माणूस माझ्याइतकाच त्या घरात राहत होता आणि तोंडात मूग धरून बसला होता.

मी त्याला जिन्यात गाठलं. "तू तो फ्लॅट बघतोस."

"टेस्टिंग करत होतो."

"दिवसभर?"

त्याने फोन खिशात टाकला. मग म्हणाला, "आज बोलतो. नक्की."

जेवताना मी त्याच्याकडेच बघत होते. त्याने घास खाली ठेवला, घसा साफ केला, म्हणाला, "दादा." भाऊजींनी वर पाहिलं. "बाहेरच्या बोर्डाचा दिवा गेलाय," तो म्हणाला. "बदलून घे," भाऊजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी एक नर्सबाई आल्या. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या. घरी माणसं खूप, झोप होत नाही, म्हणाल्या. "त्या शेवटच्या फोटोतली कडी खरंच आहे ना?" त्यांना घर दाखवायला मीच गेले. त्यांनी कडी लावून पाहिली, काढली, पुन्हा लावली. मी काही वाईट सांगणार होते, लिफ्टचं, पाण्याचं. त्यांचा चेहरा बघून जीभ रेटली नाही. खांबाकडे तर त्यांनी पाहिलंही नाही.

आठवड्याच्या आत सौदा ठरला. भाऊजींनी मला ऑफिसभर मिरवलं. तिसरं टूल वर्षभरासाठी घेतलं, माझ्याच नावाने.

"आता सगळी घरं तूच करायची," ते म्हणाले. "तुझ्या हाताला गुण आहे. आणि तो खांबवाला काढून टाक आधी, उगाच जागा अडते."

ते माझ्या खुर्चीमागे उभे होते, चष्मा कपाळावर. समोरच्या टेबलाशी नवरा आमच्याकडे पाठ करून बसला होता, मान खाली. मी 'काढा' दाबलं. पडद्यावर चौकट आली: 'धाकटे' आत्ता हे पाहत आहेत. तरीही काढायचं?

"काय म्हणतंय?" भाऊजींनी विचारलं.

"कुणीतरी बघतंय अजून."

"कोण रिकामटेकडं आहे?"

मी त्या पाठीकडे पाहिलं. वळ, मनात म्हटलं, एकदा वळ, एवढं एकच वाक्य बोल, हे घर गेलं तर गेलं, दुसरं बघू.

"काढू का मग?" मी मोठ्याने विचारलं.

त्याचे खांदे जरा ताठ झाले. तो वळला नाही.

"अगं काढ, त्यात विचारायचं काय?" भाऊजी म्हणाले.

मी 'हो' दाबलं.

नवऱ्याने फोनच्या काचेवर बोट खाली ओढलं. मग आणखी एकदा ओढलं. फोन हातात हलवून पाहिला.

"नेट गेलं वाटतं," तो कुणाकडेच न बघता म्हणाला.

"नाही," मी म्हणाले, "नेट आहे."