बोटभर शिवण

“माझी आरी कुठंय?” मामांनी विचारलं.

“डब्यात ठेवलीय. घासून, तेल लावून,” मी ऐटीत सांगितलं.

“डब्यात,” मामा म्हणाले आणि तीन महिन्यांनी दिसलेल्या आपल्या टेबलाकडे बघत राहिले. मला वाटलं, माणूस भारावून गेलाय. त्या टेबलाचं लाकूड मुळात कोणत्या रंगाचं आहे हे अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच दिसत होतं, आणि त्यासाठी मी रविवारची सुट्टी सोड्याच्या पाण्यात घातली होती. चामड्याचे तुकडे, वाकडे खिळे, वाळून दगड झालेला गोंद, सगळं फेकून दिलं होतं. दोऱ्याची रिळं ओळीने लावली होती.

“आणि तो बूट? माझा राहिलेला?”

“तो मीच पुरा करून देऊन टाकला, मामा. ते आजोबा बिचारे दोनदा फेऱ्या मारून गेले.”

“बरं केलंस,” मामा म्हणाले आणि खुर्चीवर बसले. उजवा हात त्यांनी डाव्या हाताने उचलून टेबलावर ठेवला.

आमची खोली रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या पलीकडे, अगदी शेवटी आहे. इथे बूट तयार होतात. कुणाचा एक पाय आखूड असतो, कुणाची बोटं काढावी लागलेली असतात, कुणाच्या तळव्यांना मधुमेहाने काही जाणवतच नाही. बाजारातला बूट या लोकांना चालत नाही. मी मशीनवर बुटाचा वरचा भाग शिवते आणि मामा आरीने भोकं पाडून हाताने तळ शिवतात. दोघांत मिळून एक खोली, एक खिडकी आणि एक किटली. मामा हे कुणाचेच सख्खे मामा नव्हते, पण विभागाच्या मॅडमपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत.

तीन महिन्यांपूर्वी त्यांना घरी झटका आला. वाचा परत आली, पाय परत आला, पण उजव्या हाताची बोटं काही केल्या ऐकेनात. ते परत आले त्या सोमवारी सकाळी मॅडमनी त्यांना स्पष्टच सांगितलं होतं. मॅडम वाईट नाहीत, त्यांचंही घोडं अडलं होतं.

“शनिवारपर्यंत एक जोड होऊ दे, मामा. जमलं तर खुर्ची तुमचीच, कुणी हात लावणार नाही. नाही जमलं तर मला नवीन माणूस घ्यावा लागेल. बुटांच्या यादीत चाळीस रुग्ण थांबलेत.”

“बरोबर आहे,” मामा म्हणाले होते.

तो जोडही मीच निवडून ठेवला होता. मधुमेहाने तळवे बधिर झालेल्या एका शाळेतल्या बाईंचा, साधा काळा, फार वळणं नसलेला. वरचा भाग पायाच्या आकाराच्या लाकडी फर्म्यावर ताणून बसवला, तळ चिकटवला, कडेने पेन्सिलीने रेघ आखली. मामांनी फक्त शिवायचं. ताट वाढून समोर ठेवावं तशी सगळी तयारी केली होती.

सोमवारी मामांनी एक टाका घातला नाही. बूट हातात घ्यायचे, फिरवून बघायचे, खाली ठेवायचे. मध्येच दोऱ्याची रिळं बघायचे. मी मशीनवरून चोरून बघत होते. दुपारी न राहवून म्हटलं, “मामा, भोकं मी पाडून देऊ का?”

“तुझं तू बघ.”

झालं, मी गप्प बसले. माझ्या तोंडाचा पट्टा बंद करण्याची ताकद जगात दोनच माणसांत होती. त्यातला एक आता नव्हता आणि दुसरे हे.

संध्याकाळी मामी त्यांना न्यायला आल्या. मामा दाराशी चपला घालत होते तोवर मामी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, “बरं झालं बाई, एकदाचे आले. घरी नुसता जीव खाल्ला माझा. पहिल्या दिवशी बोलता यायला लागलं तर काय म्हणाले माहितीय? आरी तशीच राहिलीय, बूट वाट बघतोय. रोज तेच. बोटभर शिवण राहिलीय, तेवढी मला करायचीय, म्हणे.”

मामी गेल्या आणि मी मशीनचं झाकण हातात धरून तशीच उभी राहिले. मी काय करून बसले होते ते मला त्या क्षणी कळलं, आणि कळायला नको होतं असं वाटलं. इतरांना कळलं नसतं तर चाललं असतं, पण मला तरी कळायला हवं होतं.

त्याचं कारण सांगते. सहा वर्षांपूर्वी माझा नवरा गेला. महिन्याभराने मी कामावर आले. आले म्हणजे शरीराने आले. सकाळी मशीनसमोर बसायची आणि कापून ठेवलेल्या चामड्यांचा ढीग बघायची. सुई ओवायला हात उठायचा नाही. दहा वाजायचे, अकरा वाजायचे. त्या ढिगाची भीती वाटायची, आणि कातडं ते काय खाणार होतं मला? लोक येऊन चांगलं बोलायचे. धीर धर, वेळ जाऊ दे, मन रमव. सगळे खरंच माझ्या भल्याचं सांगत होते, पण मन रमवायचं कुठल्या बटणाने ते कुणी सांगत नव्हतं.

मामांनी सांत्वन केलं नाही. त्यांनी एक जुनी चादर आणून माझ्या ढिगावर टाकली, तिच्याखाली हात घालून एक जोड ओढून काढला आणि माझ्यासमोर ठेवला. “ढीग बघून कुणाचं काम झालंय? समोरचं बघ.” त्या दिवशी कसंबसं मी संध्याकाळपर्यंत तो जोड शिवत आणला. दोन बोटं शिवण राहिली होती. मी संपवायला गेले तर त्यांनी मशीनचा स्विचच बंद केला.

“मामा, दोन मिनिटांचं काम आहे.”

“म्हणूनच राहू दे.”

“अहो पण एवढंसं राहिलंय.”

“एवढंसंच ठेवायचं असतं. अगं, सकाळी डोकं उशिरा येतं कामावर. तुझं तर सध्या येतच नाही. हात मात्र वेळेवर येतात. त्यांना आल्या आल्या कालचं काम दिसलं पाहिजे. विचारत बसत नाहीत मग.”

मला तो सगळा चक्रमपणा वाटला होता. पण दुसऱ्या दिवशी मी आले, सुईखाली कातडं तसंच अडकलेलं होतं, आणि पर्स खांद्यावर असतानाच मी पायाने मशीन चालवायला लागले. दोन बोटं शिवण संपली. ती संपली तेव्हा मी कामात होते, आणि कामात होते म्हणून पुढचा जोड घेतला. असं रोज. कधी अर्धा जोड झाला, कधी दोन. रडूही आलं, पण शिवता शिवता आलं. मुलाची शाळा, घर, सगळं त्या दोन बोटं शिवणीने ओढून नेलं. त्या वर्षी मी काम सोडून घरी बसले असते तर आज कुठे असते, याचा विचार मी करत नाही. मामांचे उपकार मी त्यांना कधी बोलून दाखवले नाहीत. दाखवले असते तर त्यांनी मलाच झापलं असतं.

मामा स्वतः तेच करत आले होते. अठ्ठावीस वर्षं रोज संध्याकाळी ते शेवटच्या बुटाची बोटभर शिवण ठेवायचे आणि आरी तळात तशीच रोवून उठायचे. सकाळी पहिला चहा त्या बोटभर शिवणीनंतरच. तोवर कुणी किटलीला हात लावायचा नाही, अगदी मॅडमसुद्धा नाही. ज्या दिवशी झटका आला त्याच्या आदल्या संध्याकाळीही त्यांनी तसाच बूट ठेवला होता. तीन महिने तो माणूस अंथरुणात पडून त्या बुटाचा विचार करत होता, आणि मी शहाणीने तो पुरा करून, आरी घासून, तेल लावून डब्यात टाकली होती. वर कोरा जोड समोर ठेवला होता.

मंगळवारही तसाच गेला. मामांनी दुपारी एक टाका घातला, मग सोडवला. पाच वाजता ते उठले आणि जाता जाता टेबलावरून नुसता हात फिरवला. ते मला बघवलं नाही.

ते गेल्यावर मी त्यांच्या खुर्चीवर बसले. डावा बूट मांडीवर घेतला आणि शिवायला लागले. फार नाही, तीन-चार बोटं. आरीने भोक, दोन्हीकडून सुया, दोरा ओढायचा. त्यांनीच शिकवलेलं काम, पण त्यांच्या खुर्चीवर बसून करताना चोरी केल्यासारखं वाटत होतं. मग एका टाक्याच्या मध्यावर थांबले. आरी तळात रोवली, सुया तशाच लोंबत्या सोडल्या. कचऱ्याच्या डब्यात हात घालून चामड्याचे चार तुकडे शोधले आणि टेबलावर पसरून ठेवले. नखात गोंद घेऊन घरी गेले.

बुधवारी मामा आले. मी मुद्दाम खाली मान घालून बॉबिन भरत होते. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग काहीच आवाज आला नाही. मी वर बघितलं. मामा बुटाच्या कडेवरून अंगठा फिरवत होते.

“दोरा अजून फार ताणतेस तू,” ते म्हणाले.

मी बॉबिन भरत राहिले. त्यांनी बूट गुडघ्यांत धरला आणि उजव्या हाताने आरी धरली. ती निसटली. पुन्हा धरली. माझा अर्धा राहिलेला टाका पुरा करायला त्यांना पाऊण तास लागला. त्यानंतर त्यांनी चहा मागितला. मी किटलीकडे वळले तेव्हा डोळे भरून आले होते, आणि मला ते दिसू द्यायचं नव्हतं.

मग ते थांबले नाहीत. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. आरी निसटून एकदा अंगठ्यात गेली. त्यांनी चिंधी बांधली आणि पुढे चालू ठेवलं. मी मनात टाके मोजायची आणि शनिवारपर्यंतचे तास मोजायची, आणि दोन्हींचा मेळ बसत नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी डाव्या बुटाची एक बाजूच झाली होती. उजवा बूट तसाच कोरा. मी म्हटलं, “मामा, उजवा मी करते. कुणाला कळणार नाही.”

“मला कळेल की,” मामा म्हणाले.

शनिवारी मॅडम आल्या त्या तयारी करूनच आल्या असाव्यात. त्यांनी बुटाकडे बघितलं, मामांच्या अंगठ्यावरच्या चिंधीकडे बघितलं आणि म्हणाल्या, “मामा, अजून एक आठवडा घ्या. मी वर सांगते काहीतरी.”

माझा जीव भांड्यात पडला. मामांनी मात्र मान हलवली.

“नको, मॅडम. वेळ मला लागतोय, पाय त्या बाईंचा आहे. टाका वाकडा पडला की आतून उंचवटा येतो. त्यांना ते जाणवणार नाही, जखम झाली तरी कळणार नाही. असला बूट माझ्याकडून जायला नको. तुम्ही तुमचा माणूस बघा.”

“तुम्हाला वाईट वाटत असेल.”

“वाटतंय ना. पण हा आठवडा मिळाला, ते बरं झालं. घरी पडून नाहीतर मला कायम वाटलं असतं की बसलो असतो तर जमलं असतं.”

मॅडमनी पुढे होऊन मामांना वाकून नमस्कार केला आणि त्या गेल्या.

मामांनी तो बूट माझ्या हातात दिला. “उसव.”

“मामा, आत्ता नको. सोमवारी बघते.”

“आत्ताच. मी आहे तोवर. त्या बाई मंगळवारी येणार आहेत.”

ते शेजारी बसले आणि मी उसवायला लागले. त्यांनी तीन दिवस घातलेले टाके, एकेक. कुठे दोन टाके एकमेकांवर चढले होते, कुठे मध्ये करंगळी जाईल एवढी फट होती. मामा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत होते आणि मुलाची परीक्षा कधी आहे ते विचारत होते.

शेवटाकडे आल्यावर त्यांनी माझा हात धरला.

“हे चार ठेव.”

मी बूट खिडकीकडे धरला. चार टाके. सरळ, एकसारखे, रेघेवर. अंगठा फिरवला, आतून फिरवला, कुठे काही लागलं नाही. दोरा जितका ताणायचा तितकाच ताणला होता, माझ्यापेक्षा चांगला.

“हे कसे घातले?”

“डाव्या हाताने,” मामा म्हणाले. “काल दुपारी. उशीर झाला कळायला.”

मामी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मामा उठले, चपला घातल्या. मला काहीतरी म्हणायचं होतं, सहा वर्षांचं. मी म्हणाले, “मामा, तुम्ही होतात म्हणून मी आहे.” ते मला झापतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसतं डोकं हलवलं आणि म्हणाले, “दोरा जरा सैल सोडत जा.”

ते गेल्यावर मी दाराची कडी लावली आणि त्यांच्या खुर्चीवर बसले. सुया ओवल्या. माझ्या तीन-चार बोटं शिवणीपासून निघाले, उसवलेला भाग नव्याने शिवत त्यांच्या चार टाक्यांपर्यंत आले आणि दोरा तिथे मिळवला. मग पलीकडची बाजू शिवली; उजवा बूट सोमवारवर ठेवला. त्या चार टाक्यांना मी हात लावला नाही. शाळेतल्या त्या बाई दिवसभर फळ्यासमोर उभ्या असतात; आता या चार टाक्यांवर उभ्या राहतील.