लाल शिक्का

मुष्टियुद्धाचे सामने भरवण्याचा परवाना माझ्या हाती आला, तेव्हा माझ्या नावामागे ‘श्री.’ लिहिलेला तो आयुष्यातील पहिला सरकारी कागद होता. त्यापूर्वी वीस वर्षे मी रिंगणाचे दोर आवळणारा मनुष्य. तो कागद मी चार वेळा वाचला, आणि माझी बुद्धी तेथेच फिरली.

परवान्यातील अट स्पष्ट होती: प्रमुख लढतीतील खेळाडू बदलल्यास परवाना रद्द. माझा प्रमुख खेळाडू म्हणजे माझा सख्खा भाचा. पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या एका लढतीत तो ठोसा खाऊन आडवा झाला आणि तेथील डॉक्टरांनी त्याच्या खेळाडू-पुस्तिकेवर लाल शिक्का मारला. साठ दिवस लढण्यास मनाई. माझे सामने होते छत्तिसाव्या दिवशी.

मी परवाना देणाऱ्या कचेरीत पुस्तिका गहाळ झाल्याचे लिहून दिले व कोरी करकरीत नवी पुस्तिका मिळवली. भाच्याला मात्र निराळेच सांगितले, "डॉक्टरांशी बोललोय मी. साठाचे तीस केलेत."

"बरं झालं. आई उगाच जीव खात होती माझा," तो म्हणाला.

सामन्याच्या सकाळी व्यायामशाळेच्या मागील खोलीत वजने झाली. डॉक्टरबाईंनी भाच्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली, पुस्तिका चाळली आणि सहज विचारले, "डोक्याला मार वगैरे?"

"लागला होता की. पाच आठवडे झाले," भाचा निर्धास्तपणे म्हणाला. "पण मामानं साठाचे तीस करून घेतलेत."

कचेरीला एक थाप आणि भाच्याला दुसरी मारताना, दोन्ही थापा एकाच खोलीत समोरासमोर येतील हे मला सुचलेच नव्हते. लपवावे असे काही आहे, हेच त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हते.

"असे कमी होत नाहीत दिवस," बाई म्हणाल्या. "डोकं दुखतं?"

"सकाळी जरा. मामा म्हणतो, उन्हामुळे."

पोराचा काही गैरसमज झाला आहे, एवढे वाक्य माझ्या ओठांवर आले होते. ते मी गिळले.

"मी कोणाशीही बोललेलो नाही," मी म्हणालो. "पुस्तिकाही हरवलेली नाही."

बाईंनी पेन उचलून यादीतील त्याच्या नावावर आडवी रेघ मारली. भाचा काट्यावरून उतरला आणि सदरा चढवू लागला.

"घरी काय सांगायचं?" बटणे लावीत त्याने विचारले.

"खरं ते सांग."

"मी नाही. तू सांग."

मी बहिणीकडे गेलो. ती कपड्यांना इस्त्री करीत होती. सर्व ऐकून घेईपर्यंत तिने हात थांबवला नाही.

"एकच सांग, दादा," ती म्हणाली. "तो शिक्का बघितलास, तेव्हा पहिल्यांदा मनात काय आलं?"

खोटे बोलण्याचे त्राण माझ्यात उरले नव्हते.

"सामन्याची तारीख," मी म्हणालो.

तिने इस्त्रीचे बटण बंद केले आणि ती भाच्याच्या खोलीत निघून गेली.