हातभर टाकीतली बिऱ्हाडं

कासामाहून नणंदेचं बाळंतपण उरकून म्वेन्या सरोवराकाठच्या म्पुलुंगुला परतली. तान्ह्या लेकीला, चोलाला, पाठीवरून सोडवायच्याही आधी ती ओसरीवर खिडकीखाली ठेवलेल्या काचेच्या टाकीपाशी गेली आणि तिथेच थिजली.

टाकी ती केवढी, हातभर लांब. जायच्या आधी तिने तीत वाळू पसरली होती, सरोवराच्या तळाचे रिकामे शंख मांडले होते आणि त्या शंखांतून करंगळीएवढ्या पट्ट्यापट्ट्यांच्या माशांची बिऱ्हाडं बसवली होती. एवढ्याशा जागेत नांदणारी जात हीच. आता शंख कोपऱ्यात ढकललेले. उरलेसुरले इवले मासे शेपट्या कुरतडलेल्या अवस्थेत पाण्याच्या वरच्या कडेला चिकटून धापा टाकत होते. आणि मधोमध झालरीसारख्या परांची, मधाच्या रंगाची एक देखणी जोडी आपल्या अंड्यांवर पहारा देत फिरत होती.

"आवडली?" मागून ब्राइटन म्हणाला. तिचा नवरा सरोवरातले मासे परदेशात धाडणाऱ्या व्यापाऱ्याकडे बुड्या मारायचा. "तुझ्यासाठीच आणली. सिलाव्वेबाई बघतच राहतील."

"कुणाला विचारून?"

"बायकोला भेट द्यायला कुणाला विचारायचं असतं?"

या टाकीवर म्वेन्याची नोकरी टांगलेली होती. बंदरावरच्या सिलाव्वेबाईंच्या गेस्ट हाऊसचं जेवणघर ती सांभाळायची. चोलाच्या वेळी ते सुटलं. मग बाईंनीच सांगितलं होतं, जेवणघरात सरोवरातले मासे ठेवायचेत, टाकी बसवून दे, मासे टिकले तर पोर पाठीला बांधून कामावर ये. पोर पाठीला बांधून ये, असं सांगणारी मालकीण या बंदरावर दुसरी नव्हती. आणि बाई आजच संध्याकाळी टाकी बघायला येणार होत्या.

"आणि माझी आई? तिला मी लक्ष ठेवायला सांगितलं होतं."

ब्राइटनने खांदे उडवले आणि जाळं घेऊन घरामागे गेला. तो दिसेनासा झाल्यावर अंगणापलीकडच्या दारातून आई बाहेर आली.

"मी टाकीपाशीच बसले होते गं. तुझा नवरा डबा घेऊन आला. मग काय, डोक्यावरून कापड ओढलं, भिंतीकडे तोंड केलं आणि निघाले."

"काय घालतोय ते दिसलं ना?"

"दिसलं की. ती जात मी ओळखत नाही का? एकदा अंडी घातली की पाण्यात दुसऱ्याला श्वास घेऊ देत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"जावयाशी? तुझं डोकं फिरलंय का?" आईने आवाज खाली आणला. "शेळीला सांगितलं. चांगलं मोठ्यांदा."

म्वेन्याने डोळे मिटून घेतले. जावयाला जेवण रांधून घरात घ्यायचा विधी अजून व्हायचा होता. तोवर सासू-जावयाने एकमेकांच्या तोंडाकडे पाहायचं नाही, बोलायचं नाही. जे सांगायचं ते म्वेन्याने इकडून तिकडे वाहायचं. जेवण घालायचं आईने, आणि आईच्या कोंबड्या दोन वर्षं झाली तरी कापण्याजोग्या भरत नव्हत्या. म्वेन्या नसली की आई शेळीला बोलायची आणि ते जावयाला लागायचं.

"मी ऐकलं ते," घरामागून ब्राइटनचा आवाज आला. तो बायकोलाच सांगत होता, पण अंगणभर ऐकू जाईल असा. "शेळीपुढे रोज माझ्याच चुकांचा पाढा वाचतात. मला वाटलं, आजही तेच."

"ऐकलंस ना? सांग त्याला, आजचा पाढा त्याचा नव्हता, माशांचा होता म्हणून," आई म्हणाली.

"काही सांगणार नाही मी."

तेवढ्यात फाटक वाजलं. सिलाव्वेबाई. जावई पुढे येईल म्हणून आई आपल्या घरात पळाली. बाई टाकीपुढे वाकल्या आणि हसल्या.

"अगं, हे काय सुंदर! असेच हवे होते मला. उद्याच पाठव. बोट आली की पाहुणे येतील."

घराच्या कोपऱ्यावर येऊन ब्राइटनने म्वेन्याकडे भुवया उंचावल्या. जिंकल्यासारख्या. चोला पाठीवर जागी झाली आणि तिच्या मानेला गाल घासू लागली. तोंडात आलेला 'हो' म्वेन्याने गिळला.

"हे राहणार नाहीत, बाई."

"का? मेलेले तर दिसत नाहीत."

"हे नाही मरणार. बाकीचे मरतील. यांना पिल्लं होतील, मग पिल्लांना पिल्लं. या टाकीत यांना जागा नाही. मला शंखातले हवेत."

"ते तपकिरी? अगं, ते तर लपूनच बसतात. पाहुणे दोन दिवस राहतात, त्यांनी काय शंख बघत बसायचं?"

"बसतील. शंखातून पिल्लाचं डोकं बाहेर आलं की जेवण विसरून बसतील. आणि त्यांच्या लेकरांनी, त्या माशाची शेपूट कुणी खाल्ली, असं विचारलं तर उत्तर मला द्यावं लागेल, तुम्हाला नाही." आवाज चढलाय हे तिला कळत होतं. ती थांबली नाही. "दुसऱ्या कुणाकडून टाकी भरून घ्यायची तर घ्या."

बाईंचं हसू मावळलं. "तोंड फार वाढलंय तुझं, चोलाची आई." त्यांनी पुन्हा टाकीकडे पाहिलं, त्या वरच्या धापा टाकणाऱ्या माशांकडे. "पुढच्या बोटीपर्यंत थांबते. त्यानंतर नाही."

फाटक लागलं. म्वेन्याने जाळी घेतली, ती जोडी डब्यात काढली, अंड्यांचा दगड त्यांच्याबरोबर ठेवला. अंड्यांचा काय दोष.

"हे परत कर," ती नवऱ्याला म्हणाली. "आणि उद्या शंखातले आण."

"कुठून? त्यांचा तळ मला माहीत नाही. व्यापारी ते मागतच नाही."

तळ माहीत होता आईला; टाकीतले पहिले मासेही तिनेच आणवले होते. लहानपणी तिने तिथेच शंख वेचले होते. दाराआडून तिचा आवाज आला. "चोलाची आई, त्याला म्हणावं—"

म्वेन्या उंबऱ्यावर बसली, चोलाला पुढे घेतलं आणि पाजायला लागली.

"म्वेन्या?"

तिने चोलाचं डोकं नीट कुशीत घेतलं. ब्राइटन वाट बघत होता, दाराआड आई वाट बघत होती. शेळी झाडाला पाठ घासत उभी होती, तिच्याशीही कुणी बोलेना. चोलाची इवली मूठ म्वेन्याच्या छातीवर उघडत होती, मिटत होती, आणि तिच्यावरून नजर न हलवता म्वेन्या रागाने नुसती पेटून बसली होती. या दोघांचे शब्द वाहून वाहून तिचे खांदे भरून आले होते. आता बाईंनी दिलेली बोटीची मुदत गेली तर जाऊ दे.

बऱ्याच वेळाने दार किलकिलं झालं. आईने चेहऱ्यावर कापड ओढलं होतं, पण तोंड भिंतीकडे नव्हतं.

"मोठ्या खडकाच्या डावीकडे," ती म्हणाली, "जिथे वाळू पांढरी होते. शंख मासा आत असतानाच उचला. मासा ओढून काढू नका, जावई."

ब्राइटनच्या हातून जाळं निसटलं. त्याने मान खाली घातली, दोन्ही हात जोडून अदबीची हलकी टाळी वाजवली. "बरं, आई."

मग दोघांनीही म्वेन्याकडे पाहिलं, रीत तिनेच मोडल्यासारखं.

"रविवारी कोंबडी कापावी लागणार आता," आई कुरकुरली. "भरली नाही तरी."

"काप," म्वेन्या म्हणाली. तिचा राग उतरला नव्हता. तिने चोलाला दुसऱ्या बाजूला घेतलं आणि पायाने बादली नवऱ्याकडे सरकवली.