सात बाप विचारले, एक गोष्ट राहिली

मी एक जुना कोड आहे, मित्रांनो. हसू नका. कोड म्हणजे संगणकाला ओळीखाली ओळ लिहून सांगितलेलं काम. मला मिश्या नाहीत, हातात काठी नाही, तरी धंद्यानं मी दरवान. तुमच्या फोनवर एखादं कार्यालय म्हणतं ना, "मीच तो, ठेव माझ्यावर विश्वास," तेव्हा मी आतून त्याचा दाखला मागतो. दाखल्यावर शिक्का कुणाचा? त्या शिक्केवाल्याला दाखला कुणी दिला? आणि त्याला कुणी? असं विचारत विचारत मी अशा एका थोरल्यापर्यंत पोचतो, ज्याला सगळं जग ओळखतं. पोचलो तर दार उघडायचं, नाही तर बंद.

आयुष्यभर हेच केलं. एकदा चुकलो, आणि त्या चुकीत तेवीस घोडे गेले, त्यांत एक लाडकी घोडी.

मला लिहिलं सादिरकुल मास्तरांनी, दूर उत्तरेच्या डोंगरांत, घोडे पाळणाऱ्यांच्या काराकोल गावात. शाळेत गणित शिकवायचे. दुपारी घरी आले की चुलीजवळ बसून मला लिहायचे. त्या हिवाळ्यात थंडी अशी, की त्यांच्या कळफलकावरचा स्वल्पविराम गोठला! मास्तर बडवतायत, काही उमटत नाही. मार्चात बर्फ वितळलं आणि चाळीस स्वल्पविराम एकदम धडाधडा माझ्या अंगावर पडले. त्यातले काही अजून माझ्यात आहेत. खोटं वाटत असेल तर उघडून बघा.

तिकडे पोर बोलायला लागलं की आधी त्याच्याकडून सात बाप पाठ करून घेतात. बाप, बापाचा बाप, त्याचा बाप, असं सातव्यापर्यंत. कुरणावर अनोळखी माणूस आला तरी तेच विचारतात. त्यातला एखादा ओळखीचा निघाला की चौकशी संपली. मग रोटी मोडायची आणि चहा ओतायचा. त्यापुढं खोदून विचारणं म्हणजे पाहुण्याच्या तोंडावर थुंकणं. मास्तरांनी मला अगदी तसंच घडवलं.

मास्तरांची बायको झूरा एकदा तळलेल्या बोरसोकांची, म्हणजे कणकेच्या फुगीर तुकड्यांची, थाळी घेऊन आली. तेलाचा एक थेंब माझ्यावर पडला असता, थोडक्यात वाचलो.

"आज काय शिकवलंत ह्याला?" तिनं विचारलं.

"सात बाप विचारायला. वरचा थोरला ओळखीचा निघाला की ये आत."

"एवढंच?"

"एवढंच म्हणजे? आणखी काय पाहिजे?"

"सात बाप तर माझा भाऊ मामीत आहे ना, तोपण घडाघडा म्हणतो. झोपेतसुद्धा म्हणतो. उद्या तो कुणाला घेऊन आला आणि म्हणाला, 'हा माझा दोस्त, ह्याला घोडा द्या,' तर द्याल?"

मास्तर खो खो हसले. "मामीतच्या शब्दावर? मी शेपटीचा केस देणार नाही."

"मग ह्याला तेपण शिकवा की."

"तू बोरसोक तळ," मास्तर म्हणाले आणि गरम घास तोंडात टाकून पुढची ओळ लिहायला लागले.

त्या बाईनं, मित्रांनो, माझं सगळं भविष्य एका वाक्यात सांगून टाकलं होतं. आम्ही दोघांनी बोरसोक खाल्ले. म्हणजे मास्तरांनी खाल्ले, मी वास घेतला.

मग माझे चांगले दिवस आले. मास्तरांनी मला जगापुढं ठेवलं: न्या आणि वापरा. मी फोनात शिरलो, दवाखान्यांत शिरलो, तळ्यातल्या बोटींवर गेलो. उत्तरेकडचं एक अस्वलसुद्धा मला विचारल्याशिवाय कुणाला गुहेत घेत नव्हतं म्हणे. लांबलांबच्या लोकांची पत्रं यायची: "तुमचा कोड फार भक्कम आहे." मास्तर ती झूराला मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि मी फुगायचो.

फुगलो ते खरंच फुगलो. कुणी माझ्यात एक ओळ घातली, कुणी दहा. तोच प्रश्न चार ठिकाणी लिहिलेला, आणि चारही ठिकाणी जरा जरा वेगळा. एका जागी कुणीतरी टीप लिहून ठेवली होती: "हे का चालतं ते ठाऊक नाही. हात लावू नका." मला ती टीप फार आवडायची. छातीवर बिल्ला लावल्यासारखं वाटायचं.

अशी एकोणीस वर्षं गेली. मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि माझी देखभाल त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीकडे आली. बेगायिम तिचं नाव. चाळिशीची, दोन मुलांची आई, जिभेची तिखट. कामाच्या किल्ल्या तिच्याकडे, पण शेवटचा शब्द मास्तरांचा. ते 'हो' म्हणाल्याशिवाय माझ्यात काही बदलायचं नाही, असा रिवाज.

तिनं मला उघडलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं बाई! हा म्हणतो पाच, तो म्हणतो सहा. तुम्ही एकाच घरचे ना रे?"

मग तिनं झाडू घेतला. चारांचं एक केलं, मेलेल्या ओळी उचलून फेकल्या. सहाशे ओळी! मी आतल्या आत रडलो. पण खरं सांगू? लोकर कातरल्यावर मेंढीला वाटत असेल ना, तसं मला हलकं वाटायला लागलं.

आणि सगळा पसारा निघाल्यावर तिला दिसलं की खाली एक भोक आहे.

मला काखोटीला मारून ती मास्तरांच्या अंगणात गेली. मास्तर काश्काला खरारा करत होते. काश्का त्यांची घोडी. तांबूस अंग, कपाळावर पांढरा पट्टा. मास्तरांच्या उजव्या खिशात सफरचंद असतं हे तिला पक्कं ठाऊक. सारखं नाक खुपसायची.

"आके," बेगायिम म्हणाली. तिकडे थोरल्या माणसाला आके म्हणतात. "एक प्रश्न राहिलाय."

"विचार की."

"मला नाही, ह्याला विचारायचा राहिलाय." तिनं लॅपटॉपवर टिचकी मारली. "हा विचारतो, तुझा बाप कोण. पण त्या बापाला दुसऱ्या कुणाची हमी द्यायचा हक्क आहे का, ते विचारतच नाही. दाखल्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं, नुसतं वाचायचंय. दीड ओळीचं काम आहे."

"एकोणीस वर्षं चाललाय तो."

"एकोणीस वर्षं कुणी फसवायला आलं नाही म्हणून."

मास्तरांचा हात थांबला. "माणूस दारात आला, सात बाप सांगितले, ओळख पटली. आणि मग मी म्हणू, 'तुझ्या आज्याला हमी द्यायचा हक्क होता का रे?' असं विचारतं का कुणी? मला लाज वाटेल."

"आके, तो पाहुणा नाही. तो कागद आहे."

"पोरी, तू घाण काढ. पाया उकरू नकोस."

काश्का फुरफुरली. बेगायिमनं लॅपटॉप पुन्हा काखेत घेतला. किल्ल्या तिच्याकडेच होत्या, घालता आली असती ओळ. पण तिकडे थोरल्याचा शब्द ओलांडून जात नाहीत. तिनं ती दीड ओळ लिहून बाजूला ठेवली. नूरूझचा, वसंतातल्या नव्या वर्षाचा, सण होऊ दे, आकेंचा राग उतरू दे, मग परत विचारीन, असं म्हणाली.

नूरूझ झाला. राग उतरला. मग मुलांच्या परीक्षा आल्या, मग उन्हाळा आला.

आणि मी? मित्रांनो, हे सांगायला मला जड जातंय. मी खूश झालो होतो. म्हटलं, बरं झालं, वाचलो. मास्तरांनी माझी बाजू घेतली म्हणून दोन दिवस नुसता नाचत होतो.

उन्हाळ्यात मास्तर आणि झूरा काश्काला घेऊन वरच्या कुरणावर गेले, नमद्याच्या, म्हणजे जाड दाबलेल्या लोकरीच्या, तंबूत राहायला. कुरणावर फोनला रेंज नाही. खाली पुलावर एकानं नवंच कुमिसचं दुकान टाकलं होतं. घोडीच्या दुधाची आंबट कुमिस प्या, फोन चार्ज करा, दुकानातलं इंटरनेट वापरा. माणूस गोड बोलायचा. सगळे गुराखी तिथेच टेकायचे, आणि मास्तरही.

एका मंगळवारी मास्तरांनी तिथे बसून पशुखात्याचं पान उघडलं. मी लगेच दारात उभा.

"कोण तू?"

"पशुखातं."

"शिक्का कुणाचा?"

"पुलावरच्या कुमिसच्या दुकानाचा."

"दुकानाला दाखला कुणी दिला?"

"शहरातल्या एका कंपनीनं."

"आणि तिला?"

त्यानं थोरल्याचं नाव घेतलं. ओळखीचं! मी दार उघडलं. नुसतं उघडलं नाही, मास्तरांच्या फोनवर कुलपाचं छोटं चित्रही दाखवलं. म्हणजे खात्री आहे, निर्धास्त वाचा.

पशुखात्याची हमी कुमिसवाला देतोय! तुम्हाला हसू आलं ना? मला नाही आलं. ते पान त्यानंच बनवून आपल्या इंटरनेटवरून पुढं केलं होतं. दुकानाचा स्वतःचा दाखला खराच होता, पण तो दुकानापुरता. दुसऱ्या कुणाची हमी देऊ नये, असं त्याच्यावरच लिहिलेलं होतं. मी ते वाचलं नाही. मला फक्त बाप मोजता येत होते.

पानावर सूचना होती: घोड्यांत साथ आली आहे, गुरुवारी पुलापलीकडच्या जुन्या मेंढवाड्यात लस टोचणार, टोचलेली जनावरं एक रात्र तिथेच वेगळी ठेवायची, मालकांनी सकाळी यावं.

झूरा म्हणाली, "दर वर्षी तर डॉक्टर वर येतो."

"यंदा साथ आहे."

"तुम्ही कुणाला विचारलंत का?"

"विचारायचं कशाला? कुलूप बघ," मास्तरांनी फोन तिच्या नाकासमोर धरला. "माझ्याच कोडनं तपासलंय."

बाकीचे गुराखी म्हणाले, मास्तर नेतायत ना, मग ठीकच असणार. गुरुवारी तेवीस घोडे गेले वाड्यात. काश्का सगळ्यांत पुढं. मास्तरांनी तिला सफरचंद दिलं आणि कानामागं खाजवलं. पांढऱ्या कोटातल्या दोघा माणसांच्या हातात लगाम दिला.

शुक्रवारी सकाळी वाडा रिकामा होता. एक तुटकं दावं पडलं होतं. पुलावरच्या दुकानाला फळी ठोकलेली, आत अर्धं पिंप कुमिस तसंच. खुरांच्या खुणा खिंडीपर्यंत गेल्या आणि पुढं खडकावर नाहीशा झाल्या. मास्तर दिवसभर हाका मारत फिरले. संध्याकाळी आवाज बसला तेव्हा झूरानं त्यांना हाताला धरून परत आणलं.

चौथ्या दिवशी बेगायिम वर आली. तिनं मास्तरांच्या फोनातून तो खोटा दाखला काढून बघितला होता. तंबूत शिरली ती न बसताच म्हणाली, "आके, चूक माझी."

"तुझी कशी?"

"ती ओळ माझ्याकडे मार्चपासून तयार होती. तुम्ही नको म्हणालात आणि मी ऐकलं. ऐकायला नको होतं."

मास्तर नमद्यावर हात फिरवत चष्मा शोधायला लागले. तो डोक्यावरच होता.

"कुठं घालायची, दाखव."

"मी घालते, आके."

"नाही. भोक माझ्या हातचं आहे."

एका बोटानं लिहिली त्यांनी. दीड ओळीला अर्धा तास लागला. या वेळी स्वल्पविराम गोठला नाही. जाता जाता "हात लावू नका" ही टीप त्यांनी स्वतःच पुसली. झूरा दारात उभी होती. मला वाटलं, आता ही बोलणार. मामीतचं नाव काढणार. मास्तरही मान खाली घालून वाट बघत होते.

"बोरसोक तळते," ती म्हणाली आणि बाहेर गेली.

मित्रांनो, ती ओळ माझ्या अंगात शिरली. एकोणीस वर्षं मी ज्या जागेला माझी ताकद समजत होतो, तिथे जाऊन ती बसली आणि नीट बसली. जागा तिचीच होती.

तुमच्याही घरात एखादी जुनी गोष्ट असेल, वर्षानुवर्षं बिनतक्रार चालणारी. चालतेय म्हणून तिला विसरू नका. उघडा, झाडा, ती काय काय विचारत नाही ते बघा. आणि तुमच्याहून लहान कुणी म्हणालं की खाली भोक आहे, तर खरारा खाली ठेवा आणि वाकून बघा. मोठं कुणी नको म्हणालं, तर परत विचारा. सणाची वाट बघू नका.

बेगायिमनं आणखी एक केलं. तो खोटा दाखला जपून ठेवला. माझ्यात कुणी एवढासा बदल केला, एखादा स्वल्पविराम हलवला, तरी त्या कुमिसवाल्याला पुन्हा माझ्या दारात उभं करतात. मी बाप विचारतो. मग हमीचा हक्क विचारतो. आणि हाकलून देतो. आजवर अकरा हजार चारशे सहा वेळा हाकललाय, एकदाही चुकलो नाही. ज्या दिवशी चुकायला नको होतं, तो दिवस सोडून.

त्या चाचणीला नाव मास्तरांनी दिलं. दर वेळी पडद्यावर एक ओळ उमटते, शेजारी हिरवी खूण: "काश्का: ठीक."

मास्तर ती ओळ दोनदा वाचतात. उजव्या खिशातलं सफरचंद चाचपतात आणि लॅपटॉप मिटतात.