भाग की भांग

उजेड पाडणं कुणालाही जमतं. तो कुठं पडू द्यायचा नाही हे ज्याला कळतं तोच खरा कारागीर, असं लक्ष्मीपुरीत जाळीवर लग्नपत्रिका छापणारा रफिक मुजावर गेली पस्तीस वर्षं सांगत आला होता. आजही त्यानं ते छाती पुढं काढून सांगितलं. ओल्या पत्रिकेवर टेकल्यामुळं त्या छातीवर, म्हणजे बनियनवर, ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ उलट्या अक्षरांत उमटलं होतं.

समोर त्याची मुलगी आफशीन फोन धरून उभी. चिपच्या कारखान्यात तिची निवड झाली होती, आधी वर्षभर तैवानला शिकायला जायचं होतं. पाचपर्यंत होकार-नकार कळवायचा होता आणि अब्बा सकाळपासून नुसते प्रश्न विचारत होते.

“पण तिथं करत्यात काय नेमकं? चिप म्हंजे वेफरच न्हवं?”

“चिप वेफरवर करत्यात, अब्बा.”

“मग मी काय म्हणालो? बटाट्याचा धंदा.”

“सिलिकॉनचा वेफर वो! आरशागत गोल चकती. तिच्यावर उजेडानं बदलणारं औषध फासायचं. वर नक्षीची काच धरून उजेड मारायचा. भिंगातनं नक्षी बारीक होऊन खाली पडती. मग धुवायचं. उजेड लागलाय तेवढंच निघून जातं.”

रफिकच्या हातातली शाई ओढायची रबरी पट्टी थांबली.

“आमच्या छपाईच्या जाळीवर उलटं. उजेड लागलेलं घट्ट बसतं, ऱ्हायलेलं पाण्यात जातं. खोलीत दिवा कसला?”

“पिवळा.”

त्यानं डोक्यावरच्या आपल्या पिवळ्या बल्बकडं पाहिलं. अचानक मोठ्या घरची सोयरीक निघावी, तसं.

“आयला! आणि रंग किती?”

“रंग न्हाईत, थर. चाळीस-पन्नास. सगळे एकमेकांवर तंतोतंत बसाय लागतात.”

“हितं तिसऱ्याच रंगाला नवरदेवाचं कुंकू नाकावर येतंय.” मग आवाज बारीक करून त्यानं विचारलं, “आणि धूळ?”

“एक कण पडला, की ती चिप गेली.”

दोन वर्षांपूर्वी सयाजीराव या जुन्या गिऱ्हाइकाच्या थोरल्या मुलीच्या लग्नपत्रिकेत, फिल्मवरचा एक कण नेमका ‘भा’च्या डोक्यावर बसला होता. ‘समारंभात सर्वांनी भांग घ्यावा’ अशा चारशे पत्रिका गडहिंग्लजपर्यंत वाटल्या गेल्या. पाहुणे अपेक्षेपेक्षा जास्त आले आणि जेवणानंतरही बराच वेळ हलले नाहीत. तेव्हापासून प्रत्येक जाळी आफशीन उजेडावर धरून तपासायची, नको ती भोकं ब्रशनं बुजवायची. रफिकच्या डोळ्यांना अनुस्वार आणि कचरा आता सारखेच दिसत होते, म्हणजे दिसत नव्हते.

“मी न्हाय म्हणून कळवतो, अब्बा,” आफशीन म्हणाली. “मी गेलो तर तुमचं कोण बघणार?”

“एवढ्या लांब जाऊन करणार काय, तर धुळीचा कण शोधणार. हितं तेच करतीस आणि वर सयाजीरावांच्या शिव्या खातीस. तिथं एसी तरी आसंल. हो म्हण.”

“अब्बा...”

“म्हण की!”

तिनं बटण दाबलं. पाचाला सात मिनिटं कमी होती.

रफिकनं सयाजीरावांच्या धाकटीच्या पत्रिकेची जाळी उचलली आणि खिडकीकडं धरली. बराच वेळ धरली. जवळ नेली, लांब नेली. मग मागं न बघता जाळी तिच्याकडं सरकवली.

“तुला जायला अजून पंधरा दिवस हाईत न्हवं? मग तेवढं बघ जरा. भाग हाय, का भांग?”