रानात ओ द्यायची नाही

बी ग्योकआत्याला भीती घातल्याशिवाय कुणालाही काही सांगताच येत नसे. मेलबर्नहून पहिल्यांदाच मलेशियातल्या पिनांगला आलेली आठ वर्षांची भाची, शू टिंग, सकाळपासून तिचा हात धरून फिरत होती. बाजारात नूडल्स झाल्या, चिनी देवळात उदबत्त्या झाल्या, तमिळ लोकांच्या मुरुगन देवापुढे नारळही झाला. ताटात भात टाकलास तर खड्ड्याखड्ड्यांच्या तोंडाचा नवरा मिळेल, चंद्राकडे बोट केलंस तर कान कापला जाईल, हेही सांगून झालं. पोरगी सगळं मुकाट्यानं ऐकून घेत होती.

मग दोघी रानातल्या टेकडीकडे निघाल्या. तिच्या पायथ्याशी दातोकची घुमटी आहे. दातोक म्हणजे त्या रानाचा राखणदार. त्याला हात जोडताना आत्या म्हणाली, "रानात तुझ्या नावानं हाक आली तर ओ द्यायची नाही. माझ्या आवाजात आली तरी नाही. ती मी नसते."

अर्ध्या वाटेवर माकडानं आत्याची पिशवी पळवली. त्याला शिव्या देत ती वीसेक पावलं मागं धावली. परतली तर वाटेवर शू टिंग नव्हती.

आत्यानं हाका मारल्या. आधी रागानं, मग रडवेल्या आवाजात, मग घसा फाटेस्तोवर. रानातून उत्तर आलं नाही. भावाला काय सांगू, एवढंच डोक्यात घुमत होतं. धडपडत ती खालच्या वळणावर गेली. तिथं रोस्लीकाकांची चहाची टपरी होती. काका काठी घेऊन लगेच निघाले. त्यांनीच विचारलं, पोरगी बहिरी आहे का? तेव्हा कुठे आत्याला आपलं बोलणं आठवलं. तिनं कसंबसं ते काकांना सांगितलं.

"मग हाका बंद करा," काका म्हणाले. "तुम्ही जितक्या जिवाच्या आकांतानं ओरडाल, तितकी ती लांब पळेल."

दोघं तोंड मिटून शोधू लागले. ओल्या पाचोळ्यात छोट्या बुटांचे ठसे होते, आणि ते प्रत्येक हाकेपासून दूर दूर गेलेले होते. ओढ्यावरच्या शेवाळलेल्या खडकावर पोरगी कानांवर हात दाबून उभी होती. आत्याला बघताच ती एक पाऊल मागं सरली. मागं दोन पुरुष खोल घळ होती.

आत्या मटकन चिखलात बसली. ओठांवर आलेलं नाव तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून गिळलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला एक शब्द बोलायची भीती वाटत होती.

काकांनी काठी खाली ठेवली. कानांवरचे हात काढ, अशी खूण केली. बऱ्याच वेळानं तिनं ते काढले.

"पोरी, मी खालचा चहावाला. तुझं नाव मला ठाऊक नाही, आणि मी विचारणारही नाही. चहा प्यायला येतेस?"

पोरगी हळूहळू पुढं आली आणि काकांना घट्ट बिलगली. आत्याकडे पाठ करून ती त्यांच्या कानात कुजबुजली, "काका, हळू बोला. ती बघा, माझ्या आत्याचा चेहरा लावून बसलीय."